मापात आणि मनात

पत्र

काका, नमस्कार. मी सार्वजनिक बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता आहे. वय ३१, नेमणूक मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी. माझ्याकडे तीन किलोमीटरच्या रस्त्याचं आणि त्यावरच्या एका मोरीचं काम आहे. निविदेत जीएसबीचा, म्हणजे डांबराखालच्या खडीमुरमाच्या पायाचा थर १५० मिलिमीटरचा आहे, प्रत्यक्षात तो बहुतेक ठिकाणी १०० ते ११० भरतो. डेप्युटी साहेब (माझे वरिष्ठ, उपअभियंता) म्हणतात, ३१ मार्चच्या आत बिल निघालं पाहिजे, एमबी (मोजमाप पुस्तक) पूर्ण जाडीची लिही, बाकीचं नंतर बघू. मी कुरकुर केली तर म्हणाले, "तू काय रामशास्त्री लागून गेलास?" दुसरी अडचण घरातली. दोन वर्षांपूर्वी बहिणीच्या लग्नात वडिलांनी याच ठेकेदाराकडून दीड लाख रुपये उसने घेतले. मला ते नंतर कळलं. वडील म्हणतात, अडीनडीला ज्यानं हात दिला त्याला नडू नये. बायको पाच महिन्यांची गरोदर आहे, तिला यातलं काहीच सांगितलेलं नाही. घराचा हप्ता १८ हजारांचा आहे. गेल्या वर्षी दुसऱ्या एका कामावर साइडपट्टीच्या (रस्त्याच्या कडेच्या पट्टीच्या) मुरमाची अशीच एक नोंद मी केली आहे. तेव्हापासून झोप नीट नाही. कधी वाटतं राजीनामा द्यावा, कधी वाटतं सगळेच करतात. नोकरी, घर, वडील आणि स्वतःचं मन, हा तोल मी कसा सांभाळू?

उत्तर

तू मला काका म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहितो. नोकरीची बहुतेक वर्षं मी बांधकाम विभागाच्या कार्यालयांत लेखा शाखेत काढली, निवृत्त झालो तो विभागीय लेखाधिकारी म्हणून. तुम्ही साइटवर लिहिलेली एमबी बिलासोबत ज्याच्या टेबलावर येते, तो माणूस मी. तुझं पत्र वाचताना तुझं कार्यालय, मार्चमधली गर्दी, रात्री नऊला वाजणारा फोन, सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं.

तू चार गोष्टी एकाच तराजूत घातल्या आहेस आणि काटा स्थिर होत नाही म्हणून हैराण झाला आहेस. त्यातल्या नोकरी, घर आणि वडील या तिघांत देवाणघेवाण होऊ शकते. रविवारी साइटवर जावं लागलं तर घराचा वेळ जातो, तो पुढच्या आठवड्यात भरून काढता येतो. वडिलांचं एक ऐकता येतं, एक नाकारता येतं. लांबची बदली झाली तर पगार तोच राहतो, संसाराची ओढाताण होते, तीही काही वर्षांनी निभते. हे सगळं कमीजास्त करायचा तुला अधिकार आहे, कारण ते तुझं आहे. थराची जाडी तुझी नाही. ११० मिलिमीटरचे १५० लिहून तू साहेबांना किंवा ठेकेदाराला स्वतःच्या पदरचं काही देत नाहीस, तो रस्ता ज्या गावांना जातो त्यांच्या वाट्याचं काढून देतोस. म्हणून ते माप तराजूतून आधी बाहेर काढ. उरलेल्या तिघांची ओढाताण मोठी आहे, पण त्यातून वाट निघते.

एमबीबद्दल तुला माहीत आहे तेच पुन्हा सांगतो, कारण रोजच्या धबडग्यात ती नुसती एक वही वाटायला लागते. तिच्या पानांना छापील क्रमांक असतात. पान फाडायचं नसतं, खोडायचं नसतं, चुकलेली नोंद आडवी रेघ मारून वाचता येईल अशी ठेवायची आणि दुरुस्तीवर तारखेसह सही करायची. एवढा बंदोबस्त अशासाठी की सरकारी पैसा बाहेर पडण्याचा मूळ आधार ती नोंद असते आणि वेळ आली तर तीच कोर्टात पुरावा म्हणून मांडली जाते. आम्ही लेखा शाखेत काय तपासायचो? गुणाकार, दर, निविदेतली बाब, आधीच्या बिलात दिलेली रक्कम, कपाती. खडीमुरमाचा थर किती जाड आहे हे मला टेबलावरून कधीच दिसलं नाही. डेप्युटी ठराविक टक्के मापं तपासतो, कार्यकारी अभियंता त्याहून कमी. एवढ्या मोठ्या यंत्रणेत टेप लावून माप पाहिलेला माणूस बऱ्याचदा एकटा कनिष्ठ अभियंताच असतो. बाकी आम्ही सगळे त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून सह्या करतो.

म्हणूनच चौकशी लागली की पहिलं नाव नोंद करणाऱ्याचं येतं. "साहेबांनी तोंडी सांगितलं होतं" हे वाक्य मी कितीतरी खुलाशांत वाचलं आहे. सोबत कागद नसेल तर त्याला वजन येत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ नुसार शासनाचं झालेलं नुकसान पगारातून वसूल होऊ शकतं, पगारवाढ रोखली जाऊ शकते, प्रकरण मोठं असेल तर नोकरी जाऊ शकते. अठरा हजारांचा हप्ता सांभाळायचा म्हणून केलेली सही त्या हप्त्याचाच आधार काढून घेऊ शकते, हे तुझ्या हिशेबात यायला हवं.

आता रस्त्याचं बघ. तू अभियंता आहेस, मी नाही, पण इतकी वर्षं तुमच्यात बसून जे कळलं ते सांगतो. मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जीएसबीचा थर वरचा भार पसरवतो आणि आत शिरलेलं पाणी बाजूला काढून देतो. तोच पाव ते एक-तृतीयांश कमी असला तर वरचं डांबर कितीही चांगलं असो, उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की चाकोऱ्या पडतात, चाकोरीत पाणी साचतं आणि रस्ता फुटतो. मग गावातली माणसं आजाऱ्याला, बाळंतपणाला आलेल्या बाईला त्याच खड्ड्यांतून तालुक्याला नेतात. तुझ्या घरी सध्या दवाखान्याच्या फेऱ्या चालू आहेत. यावर मी जास्त बोलायची गरज नाही.

डेप्युटी साहेबांची बाजूही बघू. ते तुला छळायचं म्हणून हे सांगत असतील असं मी धरून चालत नाही. ३१ मार्चला न खर्चलेला निधी व्यपगत होतो, पुढच्या वर्षी तो पुन्हा मागावा लागतो, वरून खर्चाची टक्केवारी विचारणारे फोन दिवसातून चारदा येतात, लोकप्रतिनिधी रस्ता कधी होतो ते विचारतात. हा दबाव खरा आहे. त्यावर त्यांनी काढलेला उपाय चुकीचा आहे. म्हणून त्यांच्याकडं नुसता नकार घेऊन जाऊ नकोस, तयार बिल घेऊन जा. जीएसबीचं माप घनमीटरमध्ये असतं. जेवढा थर प्रत्यक्षात भरला आहे तेवढ्याचीच एमबी लिही, तेवढ्याचंच रनिंग बिल, म्हणजे काम चालू असतानाचं झाल्या कामापुरतं बिल, कर. मार्चमध्ये खर्च दिसतो, ठेकेदाराच्या हातात काही रक्कम पडते आणि उरलेल्या कामाचे पैसे काम झाल्यावर पुढच्या वर्षाच्या तरतुदीतून देता येतात. पूर्ण रकमेचं बिल होणार नाही, ते साहेबांना आवडणार नाही. पण हातात काहीच नसण्यापेक्षा खरं बिल हातात असलेला कनिष्ठ अभियंता बोलायला बराच बळकट असतो.

हे आठ-दहा दिवसांत उरकावं लागेल. जिथं वरचा खडीचा थर अजून पडलेला नाही, तिथं दर ठराविक अंतरावर जाडी मोजून घे. जिथं झाकलं गेलं आहे तिथं खड्डे घेऊन मोज. दोन्ही वेळी ठेकेदाराचा माणूस हजर हवा, साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) लिहिलेला हवा, तारीख दिसेल असे फोटो हवेत आणि मापांच्या तक्त्यावर त्या माणसाची सही हवी. तो सही देत नसेल तर "सही देण्यास नकार दिला" असं तिथंच लिही आणि सोबतच्या मैलकामगाराची किंवा दुसऱ्या सहकाऱ्याची साक्ष घे. उघड्या भागात वरून नुसता ४० मिलिमीटरचा पापुद्रा टाकून भागत नाही हे तुला ठाऊक आहे. वरचा भाग उकरून, नवा माल मिसळून, पाणी मारून पुन्हा दाबून घ्यावा लागेल. तशी सूचना साइट ऑर्डर बुकात लिही. मोरीच्या काँक्रीटची ताकद तपासायचे क्यूब (नमुन्याचे ठोकळे) घेतले असतील तर त्यांचे २८ दिवसांचे निकाल हाती आल्याशिवाय त्या बाबीवर बोलू नकोस.

मग डेप्युटी साहेबांना एक छोटं पत्र. भाषा साधी ठेव, त्यात राग नको, तत्त्वज्ञान नको, कुणावर आरोप नको. असं काहीसं लिहिता येईल: "सदर कामाची दि. … रोजी प्रत्यक्ष मोजणी केली असता जीएसबी थराची सरासरी जाडी … मिमी आढळून आली. निविदेतील तरतूद १५० मिमी आहे. प्रत्यक्ष परिमाणानुसार एमबी नोंदवून चालू देयक सोबत सादर केले आहे. उर्वरित जाडी भरून घेण्याबाबत ठेकेदारास सूचना दिली आहे. पुढील आदेश व्हावेत." आवक क्रमांक घे आणि स्थळप्रत घरी ठेव.

यानंतरही ते म्हणाले की पूर्ण जाडीची लिही, तर हात जोडून एवढंच म्हणायचं, "साहेब, तसं लेखी द्या." याला उद्धटपणा म्हणत नाहीत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये कर्मचाऱ्यानं नितांत सचोटी राखावी असं आहे, आणि वरिष्ठांचे निर्देश शक्य तिथं लेखी घ्यावेत, तोंडी घ्यावे लागले तर लवकरात लवकर लेखी दुजोरा घ्यावा, हेही त्यातच आहे. लेखी मागितल्यावर विषय तिथंच थांबतो, असा माझा पुष्कळ वेळचा अनुभव आहे. समजा आदेश खरोखरच लेखी आला, तरी न भरलेलं माप भरलं म्हणून लिहायचं नाही. तो कागद कार्यकारी अभियंत्यांपुढं ठेवायचा.

बदलीची धमकी येईल. २००५ चा महाराष्ट्राचा बदल्यांच्या विनियमनाचा कायदा आहे. मुदतीआधी बदली करायची तर कारण लेखी नोंदवावं लागतं आणि वरच्या सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. तसं न करता केलेली बदली महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात आव्हानित करता येते. तुला मुंबईला जावं लागणार नाही, छत्रपती संभाजीनगरला खंडपीठ आहे. पण एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आपल्या खात्यात भामरागड, धडगाव, मोखाडा ही नावं शिक्षा म्हणून उच्चारली जातात. तिथंही माणसं राहतात आणि त्यांना आपल्यापेक्षा रस्त्याची गरज जास्त आहे. तिकडं बदली झाली तर संसाराचे हाल होतील हे खरं. अपमान झाला असं मात्र मानू नकोस.

धोक्याबद्दल लपवून ठेवणार नाही. सत्येंद्र दुबे हा तरुण अभियंता राष्ट्रीय महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवून बसला, आपलं नाव गुप्त ठेवावं अशी विनंती त्यानं केली होती, ती पाळली गेली नाही आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्याचा खून झाला. आपल्याकडं जानेवारी २०११ मध्ये मनमाडजवळ इंधनातली भेसळ पकडायला गेलेल्या अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं गेलं. गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेनं केला, २०१४ मध्ये त्याला राष्ट्रपतींची मंजुरीही मिळाली, पण तो अंमलात आणला गेला नाही. मला याचा आजही संताप येतो. तुझं प्रकरण त्या पातळीचं नाही आणि तसं होऊ नये म्हणूनच मी तुला कागदावर, खालून वर, आपल्याच कार्यालयाच्या रीतीनं चालायला सांगतो आहे. अंधार पडल्यावर साइटवर एकटा थांबू नकोस. ठेकेदाराशी फोनवर वाद घालू नकोस. त्याला भेटायचंच तर कार्यालयात, दिवसा, दुसऱ्या माणसासमोर. आणि तालुक्यातल्या पत्रकाराला कागद देऊन वीर व्हायचा मोह झाला तर आवर. आज तुझं काम खरं माप लिहिणं एवढंच आहे.

आता दीड लाखांबद्दल. तुझ्या पत्रात डेप्युटी साहेबांपेक्षा जास्त ओळी या पैशांवर असायला हव्या होत्या, असं मला वाटतं. ज्याच्या कामाची तू मापं घेतोस त्याच्याकडून तू किंवा तुझ्या घरच्यांनी उसने पैसे घेणं वर्तणूक नियमांना धरून नाही. वडिलांना ते माहीत नव्हतं, तुला नंतर कळलं, हे मान्य. पण कळल्यावर ते तसंच राहू देणं यापुढं चालणार नाही. आणि उद्या ठेकेदार म्हणाला, "साहेब, ते पैसे विसरा आता," तर त्या क्षणी ते उसने राहत नाहीत. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली तो अनुचित लाभ धरला जाऊ शकतो. तसं बोलणं झालं तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे, तिथं फोन कर.

म्हणून पैसे परत कर आणि लवकर कर. पगारदार पतसंस्थेचा तू सभासद असशील, तिथून कर्ज काढ. ते पुरलं नाही तर घरातलं सोनं बँकेत तारण ठेव. बायकोचे दागिने असतील तर ते तिला विचारून, तिच्या राजीखुशीनं. रक्कम वडिलांच्या खात्यातून ठेकेदाराच्या खात्यात बँकेमार्फत जाऊ दे, रोख नको, आणि त्याच्याकडून पोच घे. दीड-दोन वर्षं हात आखडून राहावं लागेल. नवी गाडी, बारशाचा मोठा कार्यक्रम, घराचं फर्निचर, यातलं काय थांबवता येईल ते बघ. प्रामाणिक राहण्याला पैसे लागतात, हे कुणी उघड सांगत नाही. ज्याचा पगार महिन्याच्या दहा तारखेला संपतो आणि ज्यानं चार जणांकडून हातउसने घेतले आहेत, त्याला "नाही" म्हणणं जड जातं. खर्च आटोपशीर ठेवणं हा तुझ्या नोकरीतल्या सचोटीचाच भाग समज.

पैसे परत केल्यावर कार्यकारी अभियंत्यांना लेखी कळव की वडिलांचा असा व्यवहार झाला होता, तो अमुक तारखेला मिटवला आहे, या कामाची पुढची मापं दुसऱ्या शाखेच्या अभियंत्यासह संयुक्तपणे घ्यावीत किंवा काम दुसऱ्याकडं सोपवावं. क्रम मात्र पाळ. आधी तुझ्या वेळची खरी नोंद, मग ही विनंती. नाहीतर खोटी नोंद लिहायचा प्रसंग तू दुसऱ्या एखाद्या पोराच्या गळ्यात घालून मोकळा होशील.

वडिलांशी बोलणं सगळ्यांत अवघड जाईल. त्यांचं म्हणणं मला तुच्छ वाटत नाही. लेकीच्या लग्नात पैसा कमी पडतो तेव्हा बापाची काय अवस्था होते हे मी पाहिलं आहे, आणि त्या वेळी मदत करणाऱ्याला विसरू नये ही शिकवण चांगलीच आहे. त्यांना नियम वाचून दाखवू नकोस. असं सांग की, बाबा, उपकार आपण फेडणारच आहोत, आपल्या कमाईतून. त्याच्या घरी लग्नकार्य असेल तर आपण सगळे जाऊ, अडीअडचणीला उभे राहू. पण रस्ता आपल्या मालकीचा नाही, तो देऊन उपकार फेडता येत नाहीत. एका बैठकीत त्यांना पटणार नाही. चार दिवस अबोला धरतील. धरू दे. तू चिडू नकोस आणि मागंही सरू नकोस.

गेल्या वर्षीच्या मुरमाची सही. त्या कामाचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदारानं स्वतः दुरुस्त करून द्यायची मुदत, अजून संपला नसेल, असं तुझ्या पत्रातल्या तारखांवरून वाटतं. संपला नसेल तर ठेकेदाराची अनामत रक्कम अजून खात्याकडं आहे. त्या साइटवर पुन्हा जा, साइडपट्ट्या मोज, जिथं कमी आहे तिथं भरून घेण्याची नोटीस काढायला डेप्युटींना लेखी प्रस्ताव दे आणि प्रत्यक्ष मापं आधीच्या नोंदीपेक्षा कमी आहेत हे त्यात स्पष्ट लिही. मुरूम पडल्यानं ती जुनी नोंद खरी होणार नाही, आणि हे स्वतःहून कळवल्यावर तुझ्यावर ठपका येऊ शकतो. सेवाविषयक प्रकरणं पाहणाऱ्या एखाद्या वकिलाला आधी भेट, पत्राचा मसुदा त्याला दाखव. पण माझं मत विचारशील तर कळव. मुरूम कमी पडल्याचं नुकसान आज थोडक्यात भरून निघण्यासारखं आहे. "एकदा केलंच आहे, आता काय फरक पडतो" या विचारानं माणसं पुढची वीस वर्षं घालवतात. तुला अजून झोप लागत नाही, म्हणजे तुझं त्या विचाराशी जमलेलं नाही, आणि ते फार चांगलं आहे.

बायकोला आज रात्री सांग. तू तिला जपण्यासाठी गप्प आहेस, पण घरात एक माणूस रात्रभर कूस बदलतो, जेवताना फोन आला की उठून गॅलरीत जातो, हे तिला दिसत नाही असं समजू नकोस. ती बहुधा याहून वाईट काहीतरी मनात धरून बसली असेल. गरोदरपणात तिला धक्का नको, हे बरोबर. म्हणून सगळा तपशील एकदम ओतू नकोस. मापाचा वाद आहे, मी खरं लिहिणार आहे, त्यामुळे कदाचित बदली होईल, बाबांचं एक कर्ज फेडायचं आहे, एवढं सांग. बदली होणार असेल तर बाळंतपण कुठं, माहेरी की इथं, हे तिलाही ठरवायचं आहे. हा निर्णय तू तिच्या वतीनं एकट्यानं घेतोस, त्यात मला अन्याय दिसतो. आणि रात्री नऊनंतर कामाचा फोन घ्यायचा नाही असं मार्चमध्येसुद्धा ठरव. साइटवर अपघात झाला असेल तर गोष्ट वेगळी. बिलाबद्दलचं बोलणं सकाळपर्यंत थांबू शकतं, आणि रात्री थकलेल्या माणसाकडून होकार घेणं सोपं जातं हे फोन करणाऱ्यालाही माहीत असतं.

राजीनाम्याबद्दल: मार्चमध्ये नको, रागात नको, पोर जन्माला यायच्या आधी नको. साहेबांनी तुला रामशास्त्र्यांच्या नावानं टोमणा मारला, तर त्यांचीच गोष्ट पूर्ण आठवून बघ. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधल्या खुनाबद्दल रघुनाथरावांना दोषी ठरवून रामशास्त्री प्रभुणे पुणं सोडून गेले, एवढंच आपण शाळेत शिकतो. पुढं कारभाऱ्यांनी बोलावल्यावर ते परत आले आणि पुन्हा न्यायाधीशाच्या आसनावर बसून वर्षानुवर्षं लोकांचे तंटे सोडवत राहिले, हे फारसं कुणी सांगत नाही. मला ते परत येणं जास्त मोठं वाटतं. खात्यातून तुझ्यासारखी माणसं बाहेर पडत गेली तर टेप कुणाच्या हातात राहील, याचा विचार कर. वर्षभरानंतर, कर्ज फिटल्यावर, शांत डोक्यानं जर वाटलं की हे काम माझं नाही, तर खुशाल सोड.

तुला एकटं वाटतं आहे, "सगळेच करतात" असं वाटतं आहे. सगळे करत नाहीत. माझ्या नोकरीत एक शाखा अभियंता होते. मापं साइटवरच लिहायचे, ठेकेदाराची सही तिथंच घ्यायचे आणि चहासुद्धा स्वतःच्या पैशांनी प्यायचे. ठेकेदार त्यांना घाबरत नसत. नीट काम करणारे ठेकेदार तर त्यांच्याच शाखेत काम मिळावं म्हणून धडपडायचे, कारण त्यांनी लिहिलेलं बिल माझ्या टेबलावरून कधी परत गेलं नाही आणि त्यांनी कुणाचं खरं बिल आठवडाभरसुद्धा अडवलं नाही. यातली दुसरी गोष्ट विशेष लक्षात ठेव. आपल्याकडं पुष्कळ स्वच्छ माणसं सही करायला घाबरून फायली दाबून बसतात. पैसे खात नाहीत हे खरं, पण मजुरांचे पगार त्यांच्या भीतीपायी थकतात. त्या वाटेला जाऊ नकोस. याच ठेकेदारानं उद्या राहिलेला थर नीट भरून दिला तर त्याचं बिल सगळ्यांत आधी कर. त्याच्याशी तुझं वैर नाही हे त्याला तुझ्या कामातून दिसू दे.

पहिलं काम मोजणीचं आहे, ते या आठवड्यात कर. मापं हाती आली की डेप्युटी साहेबांना द्यायच्या पत्राचा मसुदा हवा तर मला पाठव, मी लेखा शाखेच्या नजरेनं वाचून दुरुस्त करून देईन. कामाचं, गावाचं आणि ठेकेदाराचं नाव त्यात घालू नकोस.